रेती ओतून बेट बांधलं तर ते आपलं होतं का?

प्रश्न असा आहे: समुद्रात रेती ओतून बेट तयार केलं तर कायद्याने ते त्या देशाचं होतं का? आणि दक्षिण चिनी समुद्रातली चीनची लष्करी बेटं बुडायला लागली आहेत असा मेसेज फिरतोय, तो खरा आहे का?

पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचंही नाही. पण एवढंच सांगून उठलो तर तुम्ही म्हणाल, मग चीनने एवढा खर्च केला कशाला? खरा प्रश्न तोच आहे, म्हणून जरा बैजवार लिहितो.

मी ड्रेजरवरचा माणूस. एकोणीस वर्षं समुद्राच्या तळाची रेती उपसून दुसरीकडे टाकली, त्यातली बरीचशी आखातात. चीनची ही बेटं ज्या स्प्रॅटली द्वीपसमूहात आहेत तिथे मी कधी काम केलेलं नाही, कोणी बोलावलंही नसतं. एकदा सिंगापूरहून हाँगकाँगला ड्रेजर घेऊन जाताना त्या भागाच्या पश्चिमेकडून गेलो, एवढाच माझा संबंध. सागरी नकाशावर तिथे 'डेंजरस ग्राउंड' असं लिहिलेलं असतं. इतरत्र खोलीचे आकडे दाट छापलेले, तिथे मात्र विरळ. पाण्याखाली कुठे खडक आहे हे धड मोजलेलंच नाही, त्यामुळे व्यापारी जहाजं व्हिएतनामचा किनारा आणि हा पट्टा यांच्या मधून निघून जातात. बातम्यांत दिसणारी बेटं या पट्ट्याच्या आत आणि कडेला आहेत.

आधी कायदा उरकून घेऊ. १९८२ च्या सागरी कायदा करारात बेटाची व्याख्या आहे: चारी बाजूंनी पाणी असलेली, भरतीतही पाण्याबाहेर राहणारी आणि निसर्गाने तयार झालेली जमीन. सगळी ग्यानबाची मेख त्या 'निसर्गाने'मध्ये आहे. खरं बेट असेल तर त्याच्याभोवती १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांचं (साधारण ३७० किलोमीटर) अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे तिथले मासे, तेल वगैरे घ्यायचा हक्क मिळतो. माणूस तगून राहू शकणार नाही असा नुसता खडक असेल तर फक्त १२ मैल. आणि कोकणात आपण ज्याला खडप म्हणतो तसं, ओहोटीला उघडं आणि भरतीला पाण्याखाली, असं काही भर समुद्रात असेल तर त्याला स्वतःचं काहीच मिळत नाही. त्यावर तुम्ही रेती ओता, सिमेंट ओता, विमानतळ बांधा, त्याचा दर्जा बदलत नाही. माणसाने बांधलेल्या बेटाला ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा मिळतो, तोही ज्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात ते आहे त्या देशाने आखायचा. तेल काढायच्या प्लॅटफॉर्मला जेवढा मिळतो तेवढाच.

फिलिपिन्सने २०१३ च्या जानेवारीत चीनविरुद्ध दावा लावला आणि १२ जुलै २०१६ ला याच सागरी कायदा कराराखाली नेमलेल्या आंतरराष्ट्रीय लवादाने निकाल दिला. नकाशावर नऊ रेघा ओढून जवळजवळ अख्ख्या समुद्रावर सांगितलेल्या ऐतिहासिक हक्काला कायदेशीर आधार नाही, आणि स्प्रॅटलीतल्या एकाही ठिकाणाला २०० मैलांचा हक्क नाही. चीनने बांधलेल्या सात ठिकाणांपैकी फायरी क्रॉस, जॉन्सन साउथ, क्वार्टरॉन आणि गेव्हन हे खडक ठरले; सुबी, मिस्चीफ आणि ह्यूजेस ही नुसती खडपं. मिस्चीफ तर फिलिपिन्सच्या पलावान बेटापासून अडीचशे किलोमीटरच्या आत, म्हणजे फिलिपिन्सच्याच आर्थिक क्षेत्रात. दुसऱ्याच्या परसात न विचारता बंगला बांधावा तसं ते आहे. चीनने सुनावणीला जायचंच टाळलं आणि निकाल रद्दी आहे म्हणून सांगितलं. लवादाकडे पोलीस नसतात. निकाल कागदावर राहिला आणि काँक्रीट खडकावर.

एक गोष्ट लोक विसरतात. सुरुवात रेतीपासून झालेली नाही. १९८८ मध्ये चिनी लोक फायरी क्रॉसवर उतरले ते समुद्राची पातळी मोजायचं केंद्र उभारायला, युनेस्कोच्या एका जागतिक कार्यक्रमाचं निमित्त सांगून. त्याच वर्षी १४ मार्चला जॉन्सन साउथवर व्हिएतनामी आणि चिनी समोरासमोर आले. व्हिएतनामचे ६४ जण मेले, त्यातले कित्येक खडकावर गुडघाभर पाण्यात उभे होते. १९९५ ला मिस्चीफवर खांबांवरच्या झोपड्या दिसल्या. चीन म्हणाला, मच्छीमारांसाठी निवारा आहे. आज त्या निवाऱ्याच्या जागी पावणेतीन किलोमीटरच्या आसपासची धावपट्टी आहे. आधी मोजपट्टी, मग झोपडी, मग काँक्रीटची चौकी आणि पंचवीस वर्षांनी ड्रेजर. दरवेळी पाऊल इतकं लहान की त्यावरून कोणी युद्ध करणार नाही.

आता माझ्या धंद्याकडे येतो. २०१३ च्या शेवटी तिथे 'थ्येन चिंग हाओ' नावाचा ड्रेजर पोचला. १२७ मीटर लांब, आराखडा जर्मन कंपनीचा, बांधणी चीनमधली, तासाला ४,५०० घनमीटर माल ओढायची ताकद. आपल्याकडच्या दहा चाकी डंपरच्या हिशोबाने तासाला चारशे गाड्या. अशी बोट काम कशी करते? पुढे एक लांब दांडा असतो, त्याच्या टोकाला दात बसवलेला गोल कटर. तो तळाशी टेकवून फिरवायचा, बोट डावी-उजवीकडे झुलवायची, खडकाचा चुरा झाला की पंपाने पाण्यासकट ओढायचा आणि तरंगत्या पाइपातून हवा तिथे सोडायचा. पाइपाच्या तोंडातून करडं-पांढरं पाणी उसळत पडतं, पाणी वाहून जातं, रेती बसते. बुलडोझर ती पसरतो. बस, झालं बेट.

प्रवाळ कापताना काय होतं ते आखातात जवळून पाहिलंय. वरचा थर कडक असेल तर कटरचे दात दोन-चार तासांत झिजतात आणि दांडा वर घेऊन, घण मारून ते बदलावे लागतात. पंपाच्या आधी मोठे दगड अडवणारी एक पेटी असते. ती उघडली की आत नारळाएवढे प्रवाळाचे गोळे, मेंदूसारख्या वळ्या असलेले, मध्येच एखादा अजून ओला. दुपारपर्यंत त्यांना सडक्या मासळीचा वास सुटतो. आणि पाणी कित्येक किलोमीटर दुधासारखं पांढरं होतं. ते दूध जिथे जाऊन बसतं तिथलं न कापलेलं प्रवाळही गुदमरतं. लवादानेही निकालात पर्यावरणाच्या या हानीवर स्पष्ट ठपका ठेवला आहे. याच चीनने २०२५ मध्ये, २०१२ पासून ताब्यात ठेवलेल्या आणि फिलिपिन्सही आपला म्हणत असलेल्या स्कारबरो खडकावर निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर केलं. यावर मी काही बोलत नाही.

दोन-अडीच वर्षांत सात ठिकाणी मिळून सुमारे ३,२०० एकर, म्हणजे जवळपास १३ चौरस किलोमीटर जमीन तयार झाली. तुलनेला सांगतो, स्प्रॅटलीतलं सगळ्यात मोठं नैसर्गिक बेट, तैवानच्या ताब्यातलं इटू अबा, अर्धा चौरस किलोमीटरही नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये व्हाइट हाउसच्या आवारात शी जिनपिंग म्हणाले की तिथे लष्करीकरणाचा इरादा नाही. २ जानेवारी २०१६ ला फायरी क्रॉसवर पहिलं विमान उतरलं. ते नागरी होतं. पुढे विमानांचे हँगर, रडार, जहाजं आणि विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं आली आणि २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या हिंद-प्रशांत विभागाच्या सरसेनापतीने तीन मोठी बेटं पूर्णपणे लष्करी झाल्याचं सांगितलं.

मग युद्धात यांचा उपयोग किती? माझ्या मते फार नाही. विमानवाहू जहाज निदान पळतं. बेट पळत नाही, त्याचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना पाठ. आपल्याच ब्रह्मोसचं घ्या. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सने साडेसदतीस कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिल २०२४ ला पहिली खेप पोचली. पल्ला २९० किलोमीटर. उद्या ती पलावानवर नेऊन ठेवली तर मिस्चीफ टप्प्यात येतं. सपाट रेती, लपायला डोंगर नाही, गोड्या पाण्याची झाडून सगळी सोय माणसाने केलेली.

पण युद्ध रोज होत नाही. रोज काय होतं ते पाहा. चीनच्या दक्षिण टोकाच्या हैनान बेटापासून फायरी क्रॉस हजारेक किलोमीटर. पूर्वी चीनच्या तटरक्षक बोटीला तिथे यायचं, चार दिवस घिरट्या घालायच्या आणि डिझेल, पाणी, भाजी संपली की परत. वादळ आलं तर त्याआधीच परत. आता ती बोट मिस्चीफच्या आत शिरते. हा खडक अंगठीसारखा आहे, मधे खोल, शांत पाणी. आत येताच लाटा बंद. तेल भरा, माणसं बदला, आजाऱ्याला दवाखान्यात न्या, पुन्हा बाहेर पडा. बातम्यांत प्रत्येक जण धावपट्टी दाखवतो. आमच्या धंद्यातला माणूस आधी बंदर बघतो. आणि फक्त तटरक्षक नाहीत. मासेमारी बोटींसारख्या दिसणाऱ्या पण मासे न पकडणाऱ्या चिनी बोटींचा एक ताफा आहे. २०२१ च्या मार्चमध्ये व्हिट्सन खडकापाशी फिलिपिन्सने अशा सुमारे २२० बोटी मोजल्या, एकीला एक बांधून उभ्या. एवढ्या बोटी घरापासून इतक्या लांब महिनोनमहिने टिकायच्या तर जवळ बंदर हवंच.

याचा मार कोणाला बसतो? मिस्चीफपासून साधारण ३७ किलोमीटरवर सेकंड थॉमस नावाचा खडक आहे. फिलिपिन्सने १९९९ मध्ये तिथे 'सिएरा माद्रे' ही दुसऱ्या महायुद्धातली रणगाडे वाहणारी बोट मुद्दाम खडकावर चढवली. अजून तिथेच आहे. पत्रा गंजून भोकं पडली आहेत आणि आत मूठभर मरीन सैनिक राहतात. म्हणजे चीनने हजारो एकर बेट बांधलं आणि फिलिपिन्सने भंगार बोट हेच बेट केलं. चीन या सैनिकांचा शिधा अडवतो, पाण्याचे फवारे मारतो. १७ जून २०२४ ला चिनी तटरक्षक कुऱ्हाडी आणि सुरे घेऊन फिलिपिन्सच्या रबरी बोटींवर आले आणि त्या झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. बंदूक कोणी चालवली नाही. इथे लढाई याच पातळीवर चालते, आणि या पातळीवर ज्याचं बंदर जवळ तो जिंकतो.

म्हणून व्हिएतनामही आता तेच करतोय. २०२१ पासून त्याने आपल्या ताब्यातल्या खडकांवर झपाट्याने भराव घातलाय, बार्क कॅनडा या खडकावर मोठी धावपट्टीही बांधली. यावर चीनची ओरड तुलनेने कमी, फिलिपिन्सशी मात्र रोजची मारामारी. याचं एक कारण फिलिपिन्सच्या मागे अमेरिकेचा संरक्षण करार आहे हे असावं, असं मला वाटतं.

राहिला बुडण्याचा मेसेज. तो लिहिणाऱ्याने बहुतेक जपानच्या कान्साई विमानतळाची गोष्ट इकडे चिकटवली आहे. कान्साई खरंच दहा मीटरहून जास्त खचलं, कारण त्याच्या खाली मऊ चिकणमातीचे जाड थर आहेत, वरून वजन आलं की त्यातलं पाणी पिळून निघतं. तरीही तिथे रोज विमानं उतरतात. स्प्रॅटलीत खाली चिखल नाही, चुनखडीचा टणक खडक आहे. वरची प्रवाळाची रेती टोकदार कणांची, रोलर फिरवला की घट्ट बसते. पायाखाली करकर वाजते. सुरुवातीला थोडं खचतं, डांबराला भेगा जातात, त्या बुजवतात. तिथला खरा शत्रू मीठ. प्रवाळाच्या रेतीत मुळातच खार असतो, हवेतही खार, आणि काँक्रीटमधल्या सळईला एकदा गंज धरला की ती फुगून वरचं काँक्रीट फोडते. आखातात नव्या जेट्टीचे कोपरे सहा-सात वर्षांत असे उकललेले मी पाहिलेत. वर टायफूनच्या लाटा. म्हणजे डागडुजी कायमची, पण ज्याने हे बांधलं त्याला तो खर्च परवडतो.

स्वतः बघायचं असेल तर मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडा आणि ९.९ उत्तर, ११५.५ पूर्व टाका. मिस्चीफ येईल, धावपट्टी लगेच दिसेल. ती सोडा, चित्र मोठं करा आणि कड्याच्या आतल्या निळ्या पाण्यातले बारके पांढरे ठिपके मोजा. मागच्या वेळी मी चाळीसच्या पुढे गेलो आणि मग चहा गार व्हायला लागला म्हणून सोडलं.