राजीनामा नंतर, नकार आधी

प्रिय मुली,

जय ख्रिस्त.

तुझे पत्र वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तू एकोणतीस वर्षांची, बांधकाम साहित्याच्या दुकानात हिशेब सांभाळतेस. दिवाळीपासून शेठ तुला माल न जाताच बिले करायला लावतात. वडील नाहीत, आईची साखरेची औषधे, घरभाडे आणि भावाची आयटीआयची फी तुझ्या पगारावर. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "पूर्ण प्रीती भीती घालवून देते. घाबरतेस म्हणजे विश्वास कमी पडतोय. उद्याच राजीनामा ठेव." लिहिलेला राजीनामा पर्समध्ये घेऊन तू रोज कामावर जातेस आणि तसाच परत आणतेस. रात्री देवाजवळ, बायबलमधल्या गिदोनाने खळ्यात लोकर ठेवून मागितले तसे, चिन्ह मागतेस, की आधी दुसऱ्या नोकरीचा फोन येऊ दे, मग शेठला नाही म्हणेन. आणि शेवटी विचारतेस, "मी एवढी घाबरते, म्हणजे माझा विश्वासच खोटा आहे का?"

नाही. अजिबात नाही.

पाळकसाहेबांनी सांगितलेले वचन योहानाच्या पहिल्या पत्रातले, ४:१८. त्याच्या आधीचे वचन वाच. तिथे न्यायाच्या दिवसाची गोष्ट चालली आहे. देवाची प्रीती ज्याला कळली त्याला त्या दिवशी शिक्षेच्या धाकाने थरथरावे लागणार नाही, असे योहान सांगतो. पगार थांबला तर आईच्या गोळ्या कशा आणायच्या, या काळजीबद्दल ते वचन नाहीच. घरची कर्ती मुलगी ती काळजी करणारच. मला चिंता वेगळीच वाटते. तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावर तू शेठपेक्षा देवालाच जास्त भ्यायलेली दिसतेस, आणि योहानाला घालवायची होती ती नेमकी हीच भीती. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा जीव खिन्न झाला होता, दुःखाचा प्याला टळावा म्हणून त्याने पुन्हा पुन्हा प्रार्थना केली. त्याचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल?

तू गिदोनाची लोकर धरून बसली आहेस. शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ती गोष्ट आहे, तिथेच जरा मागे ये. बापाने उभारलेली बआल या परक्या दैवताची वेदी पाडून टाक, असा स्पष्ट हुकूम गिदोनाला झाला. घरच्यांची आणि गावकऱ्यांची त्याला भीती वाटली, म्हणून दिवसा हात लावायचे धाडस झाले नाही. दहा चाकर बरोबर घेतले आणि रात्री काम उरकले. शास्त्रात हे झाकून ठेवलेले नाही, आणि रात्री का केलेस म्हणून देवाने त्याला एका शब्दानेही बोल लावलेला नाही. सकाळी गाव दारात आले, पोराला बाहेर काढ, त्याला मेलेच पाहिजे, म्हणू लागले. तेव्हा बाप योआशच पुढे झाला: बआल देव असेल तर तो आपले आपण बघून घेईल! हा अध्याय मला फार जवळचा आहे. वेदी पडली, आणि ती पाडताना गिदोनाचे हात कापत होते की नव्हते हे देवाने विचारले नाही.

लोकरीची गोष्ट त्यानंतरची. तुझ्या बाबतीत मला चिन्हाची गरज दिसत नाही, कारण खोटी साक्ष देऊ नको हे निर्गमच्या विसाव्या अध्यायातल्या दहा आज्ञांत सांगून झालेले आहे. फोन येवो न येवो, ते बिल खोटेच राहणार.

पण राजीनामा दहा आज्ञांत कुठेच नाही. खोटे लिहू नको ही देवाची आज्ञा आहे, नोकरी सोड हा पाळकसाहेबांचा सल्ला आहे. सल्ल्याचा मान ठेव, मात्र त्याला आज्ञेच्या जागी बसवू नकोस. बायबलमधला ओबद्या तर अहाबासारख्या दुष्ट राजाच्या घरचा कारभारी होता. तिथेच राहून त्याने देवाचे शंभर संदेष्टे मारले जाऊ नयेत म्हणून लपवले, आणि अहाबाला तोही घाबरत होता. नकार आणि राजीनामा या दोन्ही गोष्टी तू एकात गुंतवल्यास म्हणून तुझे पाऊल अडले आहे. आत्ता तुझ्याकडून फक्त नकार हवा आहे.

शेठ टेबलाशी येतील, चिठ्ठीवर पार्टीचे नाव, रक्कम आणि जागचा न हललेल्या ट्रकचा नंबर असेल. तेव्हा वचने ऐकवू नकोस, भाषण नको. एवढेच म्हण: "शेठ, माल गेल्याशिवाय बिल माझ्या हातून होणार नाही. बाकी सांगाल ते काम करते." आवाज कापला तर कापू दे.

त्याआधी वकिलाला भेट, शक्यतो याच आठवड्यात. माल न देता बिल फाडणे हा २०१७ च्या जीएसटी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मालकाने सांगितले म्हणून केले, एवढ्यावर भागेलच असे नाही. कॉम्प्युटरवरची एकही नोंद पुसू नकोस. कधी काय करायला सांगितले ते तारखेसह वहीत लिहून ठेव. फीची काळजी करू नकोस. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज कर.

नकार दिल्यावर सगळे सुरळीत होईल, असे मी लिहिणार नाही. नोकरी जाऊ शकते. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसारच काही वर्षे दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःला पटल्यावर, कुणाच्या घाईने नव्हे. तुलाही कुणी घाई करू नये.

आणि घाई करणाऱ्यांनी ओझ्याला हातही लावावा. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीत कुणी गरजवंत नव्हता असे लिहिले आहे, कारण लोक आपले विकून आणून देत होते. तेव्हा पाळकसाहेबांना सरळ विचार: नोकरी गेली तर नवी मिळेपर्यंत भाडे आणि औषधे मंडळी उचलेल का? महिला मंडळातल्या विश्वासाच्या एखाद्या बाईलाही सांग. हे भीक मागणे नाही. एकमेकांची ओझी वाहा, हीसुद्धा आज्ञाच आहे आणि ती त्यांनाही लागू आहे.

आई हाय खाईल म्हणून तिला अजून काही सांगितले नाहीस. आज जेवणानंतर सांग, भावालाही बसवून घे. तो सुट्टीत आणि संध्याकाळी काय काम करू शकतो ते तिघे मिळून ठरवा. वकील काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी