श्रुतिकेतील बोली आणि श्रोत्यांचे हसू

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी मी अर्ध्या तासाची श्रुतिका लिहिली आहे. निपाणीची विडी कामगार स्त्री, कन्नड भाषक कंडक्टर, मुसलमान दुकानदार आणि निवृत्त शिक्षक बसमध्ये एकत्र येतात. शिक्षक शुद्ध मराठी बोलतात, बाकीचे आपापल्या ढंगात. प्रसंग गंभीर आहे, पण पहिल्या वाचनाला बाई ‘मी हितंच उतरतो’ म्हणाली आणि मंडळी हसली. सर्वांना प्रमाण मराठी द्यावी का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : मुळीच देऊ नये. दोष बाईच्या वाक्यात नसून शिक्षकांच्या भाषेत आहे. श्रुतिकेत चेहरा, कपडे दिसत नसल्याने श्रोता माणसाची जात, पेशा, शिक्षण हे सारे उच्चारावरूनच ताडतो, आणि एकच पात्र पुस्तकी बोलत असेल तर ते मोजपट्टी बनून बाकीच्यांचे बोलणे आपोआप चूक ठरते. अमेरिकन रेडिओवर १९२८ साली सुरू झालेल्या ‘एमॉस अँड अँडी’ या मालिकेत दोन गोरे कलावंत कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करून देशभर हशा मिळवीत, तोही याच मोजपट्टीच्या जोरावर.

आपल्या सीमाभागात कोण कोणत्या समाजाचा यापेक्षा कोण कोणाशी बोलतो यावर भाषा ठरते. दुकानदार घरी दखनी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलत असेल, तर त्याच्या तोंडी ऊठसूट ‘हम-तुम’ घालणे हा निव्वळ आळस होय. तुमच्या शिक्षकांनाही घरून फोन येऊ द्या आणि धाकट्या भावाला ‘काय करायलास रे? बस की घरात’ असे म्हणू द्या, म्हणजे मोजपट्टी मोडेल. कंडक्टरला मोडकेतोडके मराठी देऊ नका, त्याने ‘एल्लिगे?’ विचारावे आणि बाईने ‘निपाणी, दोन’ म्हणावे, अर्थ कोणालाही सांगावा लागत नाही. ‘मी उतरतो’ हे रूप तर ठेवाच. या भागातील कितीतरी बायका तसेच बोलतात. शिवाय शेजारच्या कन्नडात ‘मी’च्या क्रियापदाला स्त्री-पुरुष भेदच नसतो, त्यामुळे इथल्या कानाला ते खटकू नये.

राहिला वाचनाचा भाग. नट बोलीवर जोर देतात आणि वाक्यानंतर थबकतात. ते थबकणे म्हणजे हसण्याचे आमंत्रणच असते. म्हणून पुढचा संवाद लगोलग यावा. शक्य असल्यास त्या बाईचे संवाद विडीच्या कामातील एखाद्या स्त्रीकडून एकदा वाचून घ्या, आणि तिने एखादे वाक्य बदलून म्हटले तर तिचेच संहितेत ठेवा.