विरजणाला रकाना नव्हता

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शिरोळ तालुक्यात पूरग्रस्तांच्या नोंदी घ्यायचं काम मिळालं, कुरुंदवाडात खोलीही बघितलीस, वाचून बरं वाटलं. एकच वाक्य खटकलं. ‘मला लोकांची जिद्द टिपायची आहे,’ असं लिहिलंयस. पहिला महिनाभर हा शब्द वहीत येऊ देऊ नकोस. का ते सांगतो. जरा लांबण लागेल, पण निवृत्त तलाठ्याला ऐकणारं माणूस रोज भेटत नाही.

२००५चा पूर. एका शाळेत छावणी होती आणि मी पंचनाम्याचे कागद घेऊन वर्गावर्गातून फिरत होतो. साठी ओलांडलेली एक बाई समोर बसली. घर कच्चं की पक्कं, भिंती किती पडल्या, भांडी किती गेली, जनावरं किती, असे माझे ठरलेले प्रश्न. तिनं सगळ्याची सरळ उत्तरं दिली. मग म्हणाली, “आणि इरजण गेलं, त्ये बी लिवा.” मी हसलो. विरजणाला रकाना नव्हता. “सासूच्या हातचं हुतं, सायेब. चाळीस वरीस रोज लावत आलोय, एक दीस मोडलं न्हवतं.” मी ‘बरं बरं’ म्हणून पुढचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर व्हरांड्याच्या कोपऱ्यात तीन विटांची चूल. म्हशी वरच्या माळावर बांधलेल्या, डेअरीची गाडी यायची बंद, त्यामुळं दुधाचं करायचं काय हा प्रश्न. बाईनं दुसऱ्या गावच्या एकीकडून चमचाभर विरजण मागून आणलेलं. पातेल्यावर ताटली, ताटलीवर दगड, आणि पळणारी पोरं धक्का देतील म्हणून पातेल्याला पाठ लावून ती स्वतः बसलेली. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, “उद्याच्याला लागंल.”

तिच्या पडक्या भिंती मी फुटाफुटानं मोजल्या होत्या. तिचा दिवस कुठं मोडला आणि तिनं तो कुठून परत जोडायला घेतला, हे माझ्या कागदावर कुठंच नव्हतं. चूक कागदाचीही होती, पण हसलो मी होतो.

म्हणून ‘काय काय गेलं?’ हा प्रश्न आधी विचारू नकोस. तो त्यांना दहा जणांनी विचारून झालेला असतो आणि उत्तर पाठ झालेलं असतं. ‘पहाटे उठून आधी काय करायचा, आणि आता काय करता?’ असं विचार. बाकीचं आपोआप येतं.

आता कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाचं. तुझ्या ताईच्या लग्नाचा बस्ता आपण गांधीनगरात बांधला, आठवतं? दुकानदारानं पाठीवर हात मारून चहा पाजला आणि भाव मात्र एका रुपयानं सोडला नाही. ती पेठ कुठं उभी आहे, ठाऊक आहे का? १९४० आणि ४१ साली सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानकडं नेली. जर्मनीनं सोव्हिएत रशियावर चाल केली तेव्हा त्यांची सुटका झाली. त्यातली काही हजार माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ ते १९४८ या काळात त्यातली सुमारे पाच हजार आपल्या पंचगंगेकाठी, वळिवड्याच्या छावणीत राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. उन्हाळ्यात आपणच हाशहुश करतो, मग बर्फातून आलेल्यांचं काय झालं असेल! पण त्यांनी काय उभं केलं बघ. पोलिश भाषेतल्या शाळा, चर्च, नाटकं, स्काउटची पथकं. पोराला सकाळी शाळेत जायचं असलं की आईला उठावं लागतं, चूल पेटवावी लागते. दिवसाला आकार येतो.

युद्ध संपलं तरी त्यातल्या बहुतेकांना घरी जाता आलं नाही, कारण त्यांची गावं आता सोव्हिएत हद्दीत होती. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आणखी कुठं. आणि त्यांनी रिकाम्या केलेल्या जागेत फाळणीनंतर सिंधमधून उठलेली माणसं येऊन राहिली. तेच गांधीनगर. एका निर्वासितांनी सोडलेल्या छपराखाली दुसऱ्या निर्वासितांनी कापडाचे तागे मांडले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. तुम्ही पोरं त्याच्या शेजारी भेळ खाता आणि वर बघत नाही.

जगात आज बारा कोटींच्या आसपास माणसं घरदार सोडून राहताहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त आपल्याच देशात आहेत. सीमा न ओलांडता परकी झालेली. जॉर्डनमध्ये झातारी नावाची सीरियन लोकांची छावणी आहे, २०१२ साली उघडलेली. तिथल्या बाजाररस्त्याला लोकांनी पॅरिसच्या शाँझेलिझेवरून कोटी करून ‘शाम-एलिझे’ नाव पाडलं. शाम म्हणजे त्यांचं दमास्कस. तंबूत राहून असली कोटी सुचते, त्या माणसांना ‘बिचारी’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण इथंच जपायचं. कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतल्या लोकांना १९८९च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या. तरी २०१९ला जुन्या गावातून माणसं बोटींनी काढावी लागली. शहरातली शहाणी मंडळी म्हणाली, ‘जागा देऊनही हलत नाहीत.’ अरे, शेत नदीकाठी, गोठा नदीकाठी, चार वाजता धार काढायला माणूस राहणार कुठं? नुसत्या प्लॉटवर म्हैस बांधता येत नाही. लोकांच्या जिद्दीचं कौतुक लिहून झालं की हा प्रश्न कुणी विचारत नाही. जिद्द आहे ना, मग भागतंय त्यांचं! म्हणून तो शब्द मी अडवला.

आणखी एक. ‘विस्थापित’ हा शब्द कचेरीत ठेव. आपल्याकडची माणसं म्हणतात, गाव उठलं, धरणात गेलं, पाण्यात बसलं. ते जसं म्हणतील तसंच लिही. नरसोबावाडीत पाणी गाभाऱ्यातून वाहून दक्षिण दारानं बाहेर पडलं की लोक स्नानाला गर्दी करतात आणि पाणी आणखी चढलं की त्यातलीच माणसं बोचकी बांधतात. यातली एक गोष्ट श्रद्धा आणि दुसरी आपत्ती, अशी वाटणी तू करू नकोस. त्यांच्या लेखी पाणी एकच आहे.

धारेच्या वेळेला कुणाच्या दारात जाऊ नकोस. पहिल्या भेटीत मोबाइल बाहेर काढू नकोस. चहा नाकारू नकोस, आणि ‘मदत मिळवून देते’ हे शब्द तर चुकूनही तोंडातून काढू नकोस. मी काढले होते. त्या गावातून जाताना आजही मान खाली जाते.

येत्या रविवारी घरी ये, वळिवड्याला जाऊन येऊ. काकू म्हणते, येताना झाकणाचा डबा आण. खोलीवर विकतचं दही खाऊ नकोस, ती विरजण देणार आहे.

तुझा,
काका