बाबांची गाडी खळ्यात उभी आहे, आता तिचं काय करू?

जुन्या गाड्यांवर काही विचारायचं असेल तर लिहा असं मागच्या वेळी म्हटलं होतं, तर देवगडपासून दापोलीपर्यंत मेसेज आले. त्यातले चार इथे घेते.

प्रश्न (देवगड): ताई, माझ्या बाबांची गाडी २००६ ची. बाबा गेले तेव्हापासून ती खळ्यात माडाखाली उभीच आहे. खाऱ्या वाऱ्यानं खालचा पत्रा पार कुजला, दार उघडलं की गंजाचे पोपडे पडतात. गावात फिरणारा भंगारवाला रोख पैसे देतो म्हणतो, कागद नकोत म्हणतो. मुंबईचा भाऊ म्हणतो देऊन टाक, आई म्हणते राहू दे, बाबांची आठवण. आपल्यावर कायद्यानं काही जबाबदारी आहे का? आणि जिनं गाडी बनवली त्या कंपनीवर काहीच नाही?

उत्तर: आईचं म्हणणं मला खरंच कळतं. आमच्या काकांची जीप अशीच मांगराच्या कडेला कित्येक वर्षं होती, कोणी हात लावायचा नाही, आणि एका पावसाळ्यात उताराखालच्या विहिरीवर तेलाची तवंग दिसायला लागली. इंजिनातलं ऑईल कधी कोणी काढलंच नव्हतं, पॅन गंजून फुटलं आणि सगळं जमिनीत. आपला जांभा पाणी मुरवतो तसं ऑईलही मुरवतो, त्यामुळे ह्या विषयावर मी जरा पोटतिडकीनं बोलते. उभ्या गाडीत इंजिन ऑईल असतं, ब्रेक ऑईल असतं, बॅटरीत शिसं आणि अॅसिड, एसीचा गॅस, आणि कूलंट, जे चवीला गोडसर असतं म्हणून कुत्रं चाटतं आणि जीवाला मुकतं.

आता कायदा. १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारचे नियम लागू झालेत. गाडीचं आयुष्य संपलं असं कधी म्हणायचं, तर तिचं रजिस्ट्रेशन वैध राहिलं नाही, किंवा फिटनेसला नापास झाली, किंवा नोंदणी रद्द झाली, किंवा आग, पूर, अपघात असं काही होऊन मालकानंच ती बाद म्हणून जाहीर केली. नुसती १५ वर्षं झाली म्हणून गाडी आपोआप भंगार होत नाही हां, दिल्लीतल्या दहा-पंधरा वर्षांच्या बंदीच्या बातम्या बघून इथे लोक घाबरतात, ती बंदी तिकडची. आपल्याकडे गाडी धड असेल तर फिटनेस दाखवून पुढची ५ वर्षं मिळतात. पण तुमच्या गाडीची १५ वर्षं २०२१ ला झाली, नूतनीकरण केलं नाही, पत्रा कुजलेला, म्हणजे तिचं आयुष्य संपलंच.

अशी गाडी मालकानं १८० दिवसांच्या आत पोचती करायची असते, एकतर कंपनीनं त्यासाठी नेमलेल्या शोरूमला किंवा कलेक्शन सेंटरला, नाहीतर थेट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात. हे मालकाचं काम. उशीर झालाच आहे, आणखी एक पावसाळा नका काढू.

आणि कंपनीवर आहे ना जबाबदारी, भरपूर आहे. नियमानं आता गाडी बनवणाऱ्यानं आपण पूर्वी बाजारात आणलेल्या गाड्यांमधल्या स्टीलचा ठरावीक हिस्सा परत मिळाल्याचा हिशोब दरवर्षी द्यायचाय. त्यासाठी खाजगी गाडीचं आयुष्य २० वर्षं धरतात, व्यावसायिकचं १५. म्हणजे २०२५-२६ चं लक्ष्य हे २००५-०६ साली आणलेल्या खाजगी गाड्यांवरून निघतं. सुरुवातीला ८ टक्के, २०३० पासून १३, २०३५ पासून १८. समजा त्या वर्षीच्या गाड्यांत १००० टन स्टील होतं, तर ८० टनाची सर्टिफिकेटं कंपनीनं दाखवायची. ही सर्टिफिकेटं कुठून येतात? नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रानं गाडी मोडून स्टील काढलं की त्या वजनावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तयार होतात आणि कंपनी ती विकत घेते.

म्हणून तुमच्या भंगारवाल्याचा मुद्दा महत्त्वाचा. तो बिचारा उन्हातान्हात फिरून पोट भरतो, माझा त्याच्यावर राग नाही, पण त्याच्याकडे गेलेल्या गाडीवर एकही सर्टिफिकेट तयार होत नाही. ऑईल वहाळात जातं, गॅस हवेत जातो, कंपनीच्या खात्यात तुमच्या गाडीचं स्टील दिसतच नाही, आणि आरसी मात्र बाबांच्या नावावर तशीच. उद्या तिची नंबर प्लेट कुठे लागली तर चौकशी तुमच्याच दारात.

तर असं करा. बाबांचा मृत्यू दाखला, तुम्ही वारस असल्याचा पुरावा, आईची आणि भावाची लेखी संमती, मूळ आरसी, आधार, पॅन, कॅन्सल चेक. गाडीवर कर्ज होतं का बघा, असेल तर बँकेची एनओसी आणून बोजा उतरवून घ्या, इथेच बहुतेकांची गाडी अडते. केंद्र तुमच्या जिल्ह्यातलंच पाहिजे असं काही नाही, एमएच ०७ ची गाडी कुठल्याही राज्यातल्या नोंदणीकृत केंद्राला चालते, फोन करून टोचन किंवा ट्रक ते पाठवतात का आणि त्याचे पैसे कोण देणार हे आधी विचारा. भाव सरकारी अंदाजानं नवीन गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के. तुमची गाडी ताब्यात घेतली की केंद्रवाले ती जमा केल्याचं डिपॉझिट सर्टिफिकेट देतात (कंपनी विकत घेते त्याहून हे वेगळं), ते जपून ठेवा. त्यावर नवीन गाडीची नोंदणी फी माफ होते आणि रोड टॅक्समध्ये राज्य जेवढी देईल तेवढी सूट मिळते, केंद्र सरकारनं खाजगीला २५ टक्क्यांपर्यंत मुभा दिलीय. नवीन गाडी नको असेल तर ते सर्टिफिकेट दुसऱ्याला विकताही येतं.

आईसाठी एक सुचवते, स्टेअरिंग किंवा बाबांच्या गाडीतला गणपती आधी काढून घरात ठेवा, गाडी न्यायला येतील त्या दिवशी आईला घाई वाटायला नको.

प्रश्न (चिपळूण): २०२१ च्या पुरात आमची गाडी दोन दिवस वाशिष्ठीच्या पाण्यात होती. विम्याचे पैसे टोटल लॉस म्हणून मिळाले, गाडी ते घेऊन गेले. आता चार वर्षांनी माझ्या मोबाईलवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या चलनाचा मेसेज आलाय. गाडी तर संपली होती ना?

उत्तर: तुमच्यासाठी संपली, कागदावर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकानं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं, आणि पुराच्या त्या चिखलात, घर धुवायचं की आरटीओत जायचं, कोणाच्या लक्षात राहणार. सडलेला सांगाडा लिलावात जातो, कोणीतरी दुरुस्त करून रस्त्यावर आणतो. आजच वाहन पोर्टलवर आरसीचा स्टेटस बघा. अजून तुमच्या नावावर ॲक्टिव्ह असेल तर विमा कंपनीकडून सेटलमेंटचं पत्र आणि गाडी कोणाला दिली त्याचा कागद लेखी मागा, त्याच्या प्रती लावून आरटीओला अर्ज द्या आणि पोलिसांत तक्रार करा. चलन भरून विषय मिटवू नका. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार, अपघाताची भरपाईसुद्धा त्याच्याकडून.

प्रश्न (रत्नागिरी, कॉलेजची विद्यार्थिनी): कंपनी हे सर्टिफिकेटचे पैसे शेवटी आपल्याकडूनच वसूल करणार ना, मग फायदा काय?

उत्तर: काही भाग किमतीत येईल, हे नाकारत नाही. जपानमध्ये तर गाडी घेतानाच रिसायकलिंगची फी ग्राहकाकडून घेतात, युरोपात कंपनीनं मालकाला भुर्दंड न पडता गाडी परत घ्यायची आणि वजनाच्या ९५ टक्क्यांपर्यंत वापरात आणायची असा नियम आहे. मला फायदा वाटतो तो असा, की ज्याला शेवटी मोडण्याचा खर्च भरायचाय तो बनवतानाच मोडायला सोपी बनवेल. पण आपलं लक्ष्य नुसतं स्टीलवर मोजलं जातंय, प्लॅस्टिक, काच, सीटचा फोम ह्यांना तसं लक्ष्य नाही, आणि हे मला खटकतं.

प्रश्न (दापोली): भाताच्या शेतातला जुना पॉवर टिलर आहे, त्यालाही हेच लागू का?

उत्तर: नाही. शेतीचा ट्रॅक्टर, ट्रेलर, पॉवर टिलर, कापणी-मळणी यंत्र ह्या नियमातून वगळलेत. पण ऑईल तेच असतं. ते कॅनमध्ये काढून जुनं ऑईल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या, पऱ्यात ओतू नका. स्टार्टरची बॅटरी असेल तर नवीन घेताना दुकानात परत द्या, तिला वेगळे नियम आहेत, ती परत घेऊन रिसायकल करण्याची जबाबदारी बॅटरीच्या कंपनीवर आहे आणि दुकानदार जुनीचे पैसेही कापून देतो.