रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता गोळ्या कायले खायच्या?

नागपुरात कळमन्याच्या बाजारात अडत्याकडे हिशेब लिहिणारे एक भाऊ बायकोला घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) चार-पाच वर्षांपासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या नियमित सुरू. एका खासगी लॅबमध्ये त्यांनी गुपचूप एचआयव्हीची रॅपिड टेस्ट केली आणि ती निगेटिव्ह आली. "मॅडम, बरा झालो न जी मी?" वहिनींनी तर ताजबागच्या दर्ग्याला चादर बोललीही होती.

आनंदावर पाणी टाकणं नको वाटतं, पण टाकावं लागतं.

रॅपिड टेस्ट विषाणू शोधत नाही. त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडी शोधते. औषधानं विषाणूची वाढ थांबली की शरीरासमोर तो फारसा येतच नाही, आणि अँटीबॉडी हळूहळू कमी होतात. मी त्यांना हिवाळी अधिवेशनाचं उदाहरण दिलं. मोर्चे निघेनासे झाले की बंदोबस्त ढिला पडतो, पण मोर्चेवाले आपापल्या घरी असतातच. एचआयव्हीचं घर म्हणजे काही सीडी4 पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. तिथे तो निपचित पडून राहतो, गोळ्या तिथवर पोचून त्याला संपवू शकत नाहीत. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच तो पुन्हा वाढतो.

तरी मोठ्या माणसाची टेस्ट अशी निगेटिव्ह येणं दुर्मीळच. बहुतेकांची वर्षानुवर्षं गोळ्या खाऊनही पॉझिटिव्हच राहते. म्हणून जुनी फाईल उघडली. सुरुवातीला आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) तीन किटचे निकाल जुळले नव्हते, काही दिवसांनी परत रक्त घेतल्यावर पॉझिटिव्ह आलं होतं. म्हणजे लागण ताजी असतानाच औषध सुरू झालं. अँटीबॉडी पुरत्या तयार व्हायच्या आतच विषाणू दबला. जन्मानंतर लगेच औषध मिळालेल्या लागण झालेल्या बाळांमध्ये हे जास्त दिसतं. उपचार सुरू असलेल्यांची रॅपिड टेस्ट पुन्हा करू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते याच घोळामुळे.

भाऊ गप्प झाले. मग जरा चिडून म्हणाले, "मंग मले कसं समजणार औषध लागू पडते का नाही?"

व्हायरल लोडनं, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या तपासणीनं. त्यांचा ताजा रिपोर्ट फाईलमध्येच होता: विषाणू आढळला नाही. लॅबच्या त्या कागदापेक्षा हा कितीतरी मोलाचा, पण त्यावर 'निगेटिव्ह' लिहिलेलं नसतं, म्हणून लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. व्हायरल लोड असा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही दोघांना त्या दिवशीच नीट कळलं.

वहिनींनी मग हळूच विचारलं, "मंग माही टेस्ट? तेही खोटीच का?"

नाही. त्या एचआयव्हीचं कुठलंच औषध घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी अँटीबॉडीची टेस्टच योग्य. फक्त लागण अगदी नवी असेल तर ती चुकू शकते, म्हणून ठरलेल्या अंतरानं पुन्हा करायची. त्यांची तारीख लगेच लिहून दिली, आणि भाऊंना महिन्याच्या गोळ्या.