जुनी रायफल घेताना नळीचे तोंड आधी पाहावे

प्रश्न : माझ्याकडे रायफलीचा परवाना आहे. परिचयातील एक गृहस्थ आपली .२४३ कॅलिबरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल साउंड मॉडरेटरसह (नळीच्या तोंडावर बसणारे, बाराचा आवाज कमी करणारे साधन) विकत आहेत. रायफल बारा वर्षांची असली, तरी ‘फारशी वापरलेली नाही’ असे ते सांगतात आणि दिसायलाही ती नव्यासारखी आहे. पैसे देण्यापूर्वी काय तपासावे? मॉडरेटर वेगळा तपासण्याची गरज असते का?

उत्तर : मॉडरेटर तर तपासावाच, पण तो जेथे बसतो ती जागा त्याहून बारकाईने पाहावी. दस्त्याची चकाकी आणि नळीची निळसर झिलई पाहून गिऱ्हाईक भुलते. खरी नासधूस बहुधा मॉडरेटरच्या आड, नळीच्या तोंडाशी झालेली असते.

कागदपत्रांचे आधी उरकून घ्या. मॉडरेटर काही देशांत खुलेपणाने मिळतो, काही देशांत त्याला स्वतंत्र परवाना लागतो, तर काही ठिकाणी खाजगी व्यक्तीने तो बाळगण्यास बंदी आहे. तुम्हाला लागू असलेला नियम परवाना देणाऱ्या कार्यालयातून समजून घेतल्याशिवाय इसारही देऊ नये. रायफलीवरील क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यातील क्रमांकाशी जुळला पाहिजे. बोल्टवर (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा) वेगळाच क्रमांक आढळला, तर जाणकार कारागिराकडून हेडस्पेस गेजने (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा तपासण्याचे माप) मोजून घेईपर्यंत त्या रायफलीतून एकही गोळी झाडू नये.

रायफल हातात आली की मॅगझिन काढावे, चेंबर (नळीत काडतूस बसते ती जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी आणि बोल्ट पूर्णपणे बाहेर काढून ठेवावा. मग विक्रेत्याला मॉडरेटर काढायला सांगावे आणि त्याच्या हातांकडे लक्ष ठेवावे. एकदा माझ्यासमोर असाच एक ‘न वापरलेला’ मॉडरेटर काढायला दोघांना जोर लावावा लागला, आणि तो निघाला तेव्हा टेबलावरच्या कागदावर चिमूटभर तांबूस भुकटी सांडली. ती गंजाची होती. दारू जळताना पाण्याची वाफ तयार होते. गोळीबारानंतर मॉडरेटर तसाच लावून रायफल कपाटात ठेवली, तर ती वाफ आत थंड होऊन ओल धरते आणि काजळी ती ओल सोडत नाही. नळीवर मागपर्यंत सरकणाऱ्या मॉडरेटरमध्ये हा धोका अधिक असतो, कारण त्याखाली झाकलेली नळी एरवी कोणाच्या नजरेस पडत नाही.

तोंडाची कड भिंगातून पाहावी. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिला शेवटचा स्पर्श या कडेचा होतो, त्यामुळे तेथील लहानसा टवकाही नेम बिघडवू शकतो. मॉडरेटर ज्यांवर फिरवून बसवतात ते नळीचे आटे धारदार आणि अखंड असावेत. अर्ध्या इंच व्यासाच्या आट्यांत इंचाला २० आणि इंचाला २८ असे दोन्ही प्रकार आढळतात. एकावर दुसरा जोराने चढवला की दोन्हीकडचे आटे जातात. मॉडरेटर हाताने सहज फिरून नळीच्या खांद्याला सपाट टेकला पाहिजे. तो डुलता कामा नये आणि मध्ये फटही दिसू नये.

सुटा मॉडरेटर उजेडासमोर धरून आत पाहावे. आतील पडद्यांच्या भोकांच्या कडा एकसारख्या गोल हव्यात. एका बाजूला चकचकीत ओरखडा किंवा चंद्रकोरीसारखी झीज दिसली, तर गोळी पडद्याला घासून गेली असे समजावे आणि तो मॉडरेटर फुकट मिळाला तरी घेऊ नये. अ‍ॅल्युमिनियमच्या मॉडरेटरमध्ये गंजाऐवजी पांढरी पूड दिसते. त्यानंतर मॉडरेटर पुन्हा बसवून, बोल्ट काढलेला असतानाच, मागच्या बाजूने नळीतून पाहावे. नळीचे आणि मॉडरेटरचे वर्तुळ एकमेकांच्या बरोबर मध्यावर दिसले पाहिजे. किंचित शंका आली, तरी कारागिराकडून सरळ गजाने तपासून घ्यावे.

‘फारशी वापरलेली नाही’ याचा खरेखोटेपणा चेंबरच्या लगेच पुढे कळतो. .२४३ मध्ये पुष्कळ दारू अरुंद नळीतून जळत जाते, त्यामुळे तेथील पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतील खाचा) आधी झिजतो आणि धातूवर सुकलेल्या चिखलासारख्या भेगा पडतात. बोरस्कोपने, म्हणजे नळीत घालून पाहण्याच्या बारीक दुर्बिणीने, त्या स्पष्ट दिसतात. चापाची परीक्षा बोल्ट पुन्हा बसवून, रिकाम्या रायफलीवर घ्यावी : सेफ्टी लावून चाप ओढावा, सोडावा आणि मग नुसती सेफ्टी काढावी. या वेळी टक् असा आवाज आला, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

शेवटी मैदानावर, कानांचे संरक्षण लावून, १०० मीटरवर पाच गोळ्या मॉडरेटरसह आणि पाच त्याशिवाय झाडून पाहाव्यात. दोन्ही झुबके (लक्ष्यावरील भोकांचे पुंजके) वेगवेगळ्या जागी पडणे स्वाभाविक आहे. मात्र मॉडरेटर काढून पुन्हा लावल्यावर झुबका आधीच्याच जागी परतला पाहिजे. बार ऐकूच येणार नाही, असे विक्रेता म्हणाला तर हसून सोडून द्यावे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आणि या गोळीचा सुमारे ९००, त्यामुळे तिने हवेत काढलेला कडाका कोणताही मॉडरेटर थांबवू शकत नाही.

प्रश्न : .२२ रिमफायर रायफल (जिच्या काडतुसाच्या कडेवर ठोका बसतो ती) घेतानाही हेच पाहावे का?

उत्तर : बहुतेक सगळे हेच. या नळ्या मात्र फार सावकाश झिजतात, म्हणून पिळाची चिंता कमी करावी. त्याऐवजी चेंबरची मागची कड पाहावी. रिकामी रायफल वारंवार चालवल्याने फायरिंग पिनचा (काडतुसावर ठोका देणाऱ्या खिळीचा) ठोका कडेवर बसून तेथे खळगा पडतो आणि काडतूस आत जाताना अडते. .२२ च्या मॉडरेटरमध्ये शिसे साचत जाते, म्हणून उघडून साफ करता येणारा असेल तोच घ्यावा. तो उघडून दाखवायला विक्रेता कां-कूं करू लागला, तर फक्त रायफलीचा भाव विचारावा.