शाळेच्या आयपॅडवर फक्त शाळेचंच वाय-फाय चालावं, मुलांच्या फोनचा हॉटस्पॉट जोडताच येऊ नये, असं करता येतं का?

हो, येतं, पण आयपॅड ‘सुपरवाइज्ड’, म्हणजे संस्थेच्या पूर्ण नियंत्रणाखाली नोंदवलेला, असायला हवा. एमडीएममध्ये (शाळेचे आयपॅड दुरून सांभाळायच्या प्रणालीत) रिस्ट्रिक्शन्सच्या, म्हणजे बंधनांच्या यादीत ‘प्रोफाइलमधून (एमडीएमने पाठवलेल्या सेटिंगच्या फाइलमधून) आलेल्या वाय-फायलाच जोडणी’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा. ॲपलने ही सोय आयओएस १०.३ मध्ये आणली आणि १४.५ पासून तिच्या जागी नवी सेटिंग दिली, म्हणून फार जुने आयपॅड असतील तर आधी आवृत्ती बघून घ्या. साधा, सुपरवाइज्ड नसलेला आयपॅड हे बंधन पाळत नाही. तो ॲपल स्कूल मॅनेजरमधून (ॲपलच्या शाळांसाठीच्या पोर्टलवरून) किंवा मॅकवरच्या ॲपल कॉन्फिग्युरेटर ॲपने नव्याने नोंदवावा लागतो आणि त्यात आतला सगळा डेटा पुसला जातो. बॅकअप आधी!

क्रम मात्र चुकवू नका:

१. शाळेच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड असलेलं प्रोफाइल पाठवा.
२. एका आयपॅडवर ते खरंच जोडलं जातंय का, हे स्वतः पाहा.
३. मगच बंधन लावा.

उलटं केलंत, किंवा पासवर्डात एक अक्षर चुकलं, तर आयपॅड कुठल्याच वाय-फायला जोडला जात नाही. सिम नसलेल्या आयपॅडपर्यंत मग एमडीएमचा दुरुस्तीचा हुकूमही पोचत नाही, आणि हे फार महागात पडतं.

आणि हे बंधन फक्त वाय-फायपुरतं आहे. सिमवाल्या आयपॅडचा मोबाइल डेटा त्याने थांबत नाही.